चाकातील हवेचा हिशेब

अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर, लोणी आणि माना या दोन गावांच्या दरम्यान, २०२२ सालच्या जून महिन्यात एक विलक्षण काम तडीस गेले. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले डांबरीकरण ७ जूनच्या सायंकाळपर्यंत रात्रंदिवस अखंड चालले आणि १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अंथरून झाला. कतारमधील दोहा येथील पूर्वीचा विक्रम त्यामुळे मागे पडला व गिनीजच्या दप्तरी वऱ्हाडातील या रस्त्याची नोंद झाली. मोटारीच्या टायरातील हवेविषयी ज्याला मुळापासून काही समजून घ्यावयाचे आहे, त्याला या रस्त्याइतकी सोयीची प्रयोगशाळा शोधूनही सापडणार नाही. कारण ज्या अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत, त्याच अकोल्यात पौष-माघाच्या पहाटे तो दहाबारा अंशांवर येऊन थांबतो, आणि मे महिन्याच्या दुपारी याच काळ्या डांबराचे पृष्ठ साठ अंशांच्याही वर तापलेले असते. एकाच मुलखातील, एकाच रस्त्यावरील, एकाच टायरात भरलेली तीच हवा वर्षभरात इतकी निरनिराळी वागते की, जो मनुष्य केवळ एक आकडा पाठ करून तिचा बंदोबस्त करू पाहतो, त्याची फसगत ठरलेलीच.

या महामार्गावरील कोणत्याही पंक्चरच्या दुकानी एप्रिल उलटल्यावर गाडी उभी करावी आणि हवा तपासावयास सांगावे. कॉम्प्रेसरची नळी व्हॉल्व्हला लावता लावता दुकानदार अत्यंत सद्भावनेने सल्ला देतो, ‘भाऊ, उनाया हाये; चार पौंड कमीच ठेवतो, नाहीतं टायर फुटते.’ हा समज केवळ त्याच्या एकट्याचा नाही. ट्रकचालकांपासून नव्या मोटारीच्या सुशिक्षित मालकांपर्यंत तो सर्वत्र पसरलेला आहे, आणि त्यामागील तर्क वरवर निर्दोषही दिसतो: उष्णतेने हवा फुगते, फुगलेल्या हवेने टायर फुटतो, सबब हवा आधीच कमी करावी. आता याच्या शेजारी दुसरे दृश्य ठेवावे. मद्रासजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील शर्यतीच्या ट्रॅकवर आपली स्वतःची गाडी घेऊन आलेला एखादा हौशी चालक, ट्रॅकवर उतरण्यापूर्वी, कंपनीने नेमून दिलेल्या दाबापेक्षा चार-पाच पौंड हवा मुद्दाम काढून टाकतो. कृती दोघांचीही एकच. तरी पहिली धोक्याची आहे आणि दुसरी शास्त्रशुद्ध आहे. हा भेद का पडतो, हे समजले म्हणजे या प्रकरणाचा बहुतेक विषय समजला.

प्रथम, हा हौशी चालक ज्यासाठी ट्रॅकवर येतो तो ‘ट्रॅक डे’ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ही शर्यत नव्हे. एका दिवसापुरता बंदिस्त ट्रॅक ठरावीक शुल्क घेऊन खुला केला जातो, आणि आपल्या रोजच्या वापरातील अथवा थोड्याफार सुधारलेल्या गाड्या घेऊन लोक तेथे पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी धावतात. जिंकणे-हरणे नसते, स्वतःच्या गाडीची व स्वतःच्या हाताची हद्द जाणून घेणे, एवढाच हेतू. आपल्या देशात असे ट्रॅक मोजकेच: इरुंगाट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचा, कोइमतूरचा करी, दिल्लीनजीक ग्रेटर नोएडाचा पाच किलोमीटरांहून किंचित लांब असा बुद्ध. वऱ्हाडात असा ट्रॅक नाही. इंदूरजवळ पीथमपूर येथे वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला खरा, परंतु तो मूलतः वाहन-उद्योगाच्या चाचण्यांसाठी आहे. म्हणजे अमरावतीच्या वा अकोल्याच्या हौशी माणसाला आपली गाडी घेऊन शेकडो कोस जावे लागते, आणि तितकेच अंतर त्याच टायरांवर परत यावे लागते. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. तिचे महत्त्व पुढे येईल.

आता दाबाकडे वळू. टायरातील हवा आपण पौंडांत मोजतो, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा भार पडतो ते पाहतो. परंतु गेज जो आकडा दाखविते तो संपूर्ण दाब नसून बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा आत किती अधिक आहे, एवढेच तो सांगतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पौंड, अकोल्याची उंची तीनशे मीटरांच्या आतबाहेर असल्याने तेथे तो १४.२ च्या आसपास. गेजवर २८ दिसत असतील तर आतला खरा दाब सुमारे ४२ असतो, आणि उष्णतेचा परिणाम होतो तो या ४२ वर, २८ वर नव्हे. तापमानही आपल्या नेहमीच्या अंशांत न धरता केवल शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, मोजावे लागते. बंद पात्रातील वायूचा दाब या केवल तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम फ्रान्समधील आमोंताँ याने अठराव्या शतकाच्या आरंभी ताडला होता आणि पुढे गे-ल्युसॅक याच्या नावाने तो रूढ झाला. टायर हे अगदी ताठ पात्र नसले तरी त्याचे आकारमान इतके थोडे बदलते की व्यवहारात हा नियम पुरेसा आहे. मोटारीच्या नेहमीच्या दाबांना तो लावला की हिशेब असा निघतो: सहा-सात अंश तापमान चढले की गेजवर एक पौंड चढतो, आणि तितकेच उतरले की एक पौंड उतरतो.

हा हिशेब एकदा प्रत्यक्ष मांडून पाहावा. समजा, ट्रॅकवर टायर पुरता तापल्यावर आतील हवा ७५ अंशांवर असताना गेजवर ३४ पौंड हवेत. जानेवारीच्या पहाटे, पारा १५ अंशांवर असताना हवा भरावयाची असेल, तर गेजवर पावणेसव्वीसच्या जवळपास थांबले पाहिजे. आणि उन्हाळी दुपारी ४२ अंशांवर भरावयाची असेल, तर साडेएकोणतीसपर्यंत जावे लागेल. पावणेचार पौंडांचा हा फरक केवळ घड्याळाच्या काट्याने व ऋतूने पाडलेला आहे. प्रत्यक्षात तो याहून थोडा कमी भरतो, कारण उन्हाळ्यात टायर शेवटी तापतोही अधिक. पण दिशा हीच. जो म्हणतो, ‘मी नेहमी अठ्ठावीस ठेवतो,’ त्याला विचारले पाहिजे की कोणत्या वेळचे, कोणत्या तापमानाचे अठ्ठावीस? तापमानाची जोड नसलेला दाबाचा आकडा हे अर्धेच वाक्य होय.

उंचीचा परिणामही याच ओघात पाहून टाकू, कारण तो आपल्या अमरावती जिल्ह्यातच पाहता येतो. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेले की माणूस सुमारे १,१०० मीटरांवर येतो, बाहेरच्या हवेचा दाब सव्वा पौंडाच्या आसपास घटतो, आणि आत काहीच न बदलता गेज तेवढेच अधिक दाखवू लागते. परंतु वरची हवा आठ-एक अंश थंड असल्याने, गाडी विसावून टायर निवाले की जवळजवळ तितकीच घट होते. एक हात दुसऱ्याचे उसने फेडतो आणि गेजचा काटा होता तेथेच राहतो.

आता दाब कमी-जास्त झाल्याने टायरचे होते काय? हजार किलो वजनाची गाडी चार चाकांवर उभी आहे. प्रत्येक चाकावर सरासरी अडीचशे किलो. दाब तीस पौंड, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन किलोंहून किंचित अधिक. भागाकार केला तर जमिनीला टेकलेले क्षेत्र सुमारे १२० चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे एका मोठ्या तळहाताएवढे. गाडीचा वेग, तिचे वळणे, तिचे थांबणे, आतील माणसांचा जीव, हे सारे या चार तळहातांवर तोललेले असते. दाब अति झाला की टायरचा मध्यभाग फुगून येतो, हे क्षेत्र आक्रसते, मधली नक्षी झिजते आणि पकड जाते. दाब अति कमी झाला की क्षेत्र वाढलेले दिसते खरे, पण ते उपयोगाचे नसते: मधला भाग भार सोडून देतो, सारे ओझे दोन्ही खांद्यांवर येते, वळणावर टायरची बाजूची भिंत दुमडते, स्टिअरिंग फिरविल्यावर गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबून मग वळते. या दोन दोषांच्या मध्ये कोठेतरी एक अरुंद पट्टा असतो, तेथे रबर संपूर्ण रुंदीने रस्त्याला भिडते. तो पट्टा शोधणे, हेच ट्रॅकवरचे काम.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधील पशुवैद्याने १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला तेव्हा, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, टायर म्हणजे केवळ रबर नव्हते. हवेचा दाब पेलत होते ते आतले कापड. पुढे मोटारीच्या टायरांत हे काम कापसाच्या दोऱ्याकडे आले. परंतु ज्या अमरावतीच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरावती’ या नावाने ओळखत, तो कापूस आखूड धाग्याचा. टायरच्या दोऱ्याला ताण सोसणारा लांब धागा हवा, म्हणून ते काम इजिप्तच्या व सी आयलंडच्या कापसाला मिळाले. पुढे रेयॉन आले, नायलॉन आले, आणि १९४६ मध्ये मिशेलिनने पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेने पोलादी तारांचा पट्टाही दिला. आजच्या टायरात नक्षीखालचा हा पट्टा ताठ आणि बाजूची भिंत लवचिक असते. म्हणूनच दाबाचा सर्वाधिक परिणाम भिंतीवर होतो, आणि दाब कमी पडला असता सर्वाधिक हाल तिचेच होतात.

या हालांतच पंक्चरच्या दुकानातील सल्ल्याचे उत्तर आहे. धडधाकट टायर उन्हाने चार-सहा पौंड दाब वाढल्याने फुटत नाही. त्याची ताकद त्याच्या कितीतरी पट असते, आणि ही वाढ गृहीत धरूनच कंपनीने ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत थंड टायराचा दाब मुक्रर केलेला असतो. टायर फुटतो तो बहुधा आतून शिजल्याने. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात भिंत वाकते आणि सरळ होते. ताशी १२० किलोमीटर वेगाने, ज्या वेगाची मुभा समृद्धी महामार्गावर आहे, लहान मोटारीचे चाक मिनिटाला हजाराहून अधिक वेळा फिरते, आणि तितक्या वेळा हे वाकणे घडते. त्या वाकण्यातून उष्णता उपजते, ती तापलेल्या काँक्रिटवर वा डांबरावर निवू शकत नाही, रबर आणि दोरा यांची जोडणी सैल होते आणि तासभर निमूट धावलेला टायर अकस्मात चिंधड्या होऊन उडतो. पुष्कळ वेग आणि अपुरी हवा एकत्र आली तर जमिनीला टेकून सुटलेला भाग पूर्ववत होण्यापूर्वीच पुढची फेरी येते, आणि टायरच्या पृष्ठावर लाटा उभ्या राहतात. त्या अवस्थेत तो फार वेळ टिकत नाही. समृद्धीवर परिवहन खात्याने टायर तपासून गुळगुळीत झालेल्या टायरांच्या गाड्या परत फिरविण्याची मोहीम काढली, ती योग्यच होती. परंतु माझ्या मते झिजलेल्या नक्षीइतकाच कमी हवेचाही दाखला तेथे मागितला गेला पाहिजे, कारण झीज डोळ्यांना दिसते आणि कमी हवा दिसत नाही.

मग ट्रॅकवर हवा काढणारा चालक हा अपराध का करीत नाही? कारण तेथे टायर वेगळ्या रीतीने तापतो. महामार्गावर तासभर सरळ धावून दाब जेथे चार-पाच पौंड वाढतो, तेथे ट्रॅकवर जोरदार ब्रेक, तीव्र वळणे आणि ब्रेकच्या डिस्कमधून रिममार्गे आत शिरणारी आंच यांच्यायोगे दोन-तीन फेऱ्यांतच तो आठ-दहा पौंड चढतो. कंपनीचा थंड दाब तसाच ठेवला तर गरम दाब इष्ट पट्ट्याच्या वर निघून जातो आणि गाडी वळणावर घसरू लागते. म्हणून ट्रॅकवाला थंड आकड्याकडे पाहतच नाही. त्याचे लक्ष्य गरम आकडा हे असते, आणि थंड आकडा हे तेथवर पोहोचण्याचे निव्वळ साधन. शिवाय त्याची गाडी रिकामी असते, पाळी पंधरा-वीस मिनिटांची असते, शेवटची फेरी तो सावकाश घेऊन टायर निवू देतो, आणि प्रत्येक पाळीनंतर चारही टायर हाताखालून घालतो. महामार्गावरील कुटुंबवत्सल प्रवाशाजवळ यांतील एकही गोष्ट नसते. अर्थात ट्रॅकवरही हवा काढण्याला सीमा आहेच: फार खाली उतरले तर पहिल्याच फेरीत, टायर तापण्यापूर्वी, भिंत कोसळते आणि टायरची कड रिममधून निसटण्याची भीती असते.

प्रत्यक्ष रीत अशी. पहाटे, गाडी हलण्यापूर्वी आणि ऊन पडण्यापूर्वी, चारही टायरांचा थंड दाब मोजून तापमानासह वहीत लिहावा. एका बाजूस ऊन व दुसऱ्या बाजूस सावली असेल, तर गाडी उभी असतानाच दोन्ही बाजूंत दोन-दोन पौंडांचा फरक दिसतो आणि सारी मोजणी बिघडते. म्हणून सावली पाहून गाडी लावावी. गेज आपले स्वतःचे असावे आणि दिवसभर तेच वापरावे. ते एका पौंडाने चुकत असले तरी रोज सारखेच चुकत असेल तर काम भागते, पण दर वेळी निराळे गेज घेतले तर वहीला काही अर्थ उरत नाही. रस्त्यावरचे साधे टायर असतील तर गरम दाबाचे पहिले लक्ष्य बत्तीस ते अडतीसच्या दरम्यान धरून आरंभ करावा, गाडी जितकी हलकी तितके खाली; टायर बनविणाऱ्याने निराळे काही सांगितले असेल तर त्याचा शब्द प्रमाण. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. तिच्याशी गल्लत करू नये.

तीन-चार फेऱ्या जोराने मारून गाडी सरळ पिटमध्ये आणावी आणि दोन मिनिटांच्या आत चारही दाब घ्यावेत, कारण उभा टायर झपाट्याने निवतो. ज्या चाकाने सर्वाधिक भार सोसला ते प्रथम मोजावे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे अधिक असतात, भार डावीकडे जातो, म्हणून डावे टायर अधिक तापतात. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांत डावे पुढचे चाक सर्वांत त्रस्त. ते ३८ वर आले आणि उजवे मागचे ३३ वरच राहिले, तर चारही चाकांतून सारखी हवा काढणे ही चूक होईल. प्रत्येक चाक त्याच्या त्याच्या लक्ष्यावर आणून बसवावे. मग टायर निवल्यावर जे चार असमान आकडे गेजवर दिसतील, ते त्या ट्रॅकचे, त्या गाडीचे आणि त्या दिवसाचे खरे थंड दाब होत.

केवळ गेजवर विसंबू नये; टायर स्वतः बोलतो. पाळीपूर्वी नक्षीपासून भिंतीपर्यंत खडूची एक आडवी रेघ ओढावी. परतल्यावर ती खांद्याच्या कडेला, जेथे पुष्कळ टायरांवर एक लहानसा त्रिकोण कोरलेला असतो, तेथपर्यंत पुसली गेली असेल तर टायर पूर्ण रुंदीने काम करीत आहे. त्रिकोण ओलांडून भिंतीवरचा खडूही गेला असेल तर टायर कुशीवर लोळतो आहे, हवा वाढवावी. आणि खांद्यापर्यंत न पोहोचताच रेघ शाबूत राहिली असेल तर हवा अधिक आहे. हवा कमी असेल त्या वेळी मात्र खांद्यावर रबराचे बारीक काळे वळे गोळा झालेले दिसतात, आणि हात तेथे टेकवून ठेवता येत नाही इतकी आंच असते. ज्याच्याजवळ सुईचा तापमापक असेल त्याने ती सुई नक्षीच्या आतल्या कडेला, मध्यावर व बाहेरच्या कडेला टोचून तीन आकडे घ्यावेत: मध्य दोन्ही कडांहून तप्त असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा मध्याहून तप्त असतील तर हवा कमी.

थंड आणि गरम यांच्या घोळाने अव्वल दर्जाचे संघही अडचणीत आले आहेत. २०१५ च्या सप्टेंबरात मोंझा येथील फॉर्म्युला वनच्या इटालियन ग्रां प्रीत टायर पुरविणाऱ्या पिरेलीने मागच्या चाकांसाठी किमान १९.५ पौंड मुक्रर केले होते, आणि सुरुवातीच्या रांगेत लुईस हॅमिल्टनच्या डाव्या मागच्या चाकात ०.३ पौंड कमी आढळले. शर्यत त्याने जिंकली होती. चौकशी शर्यतीनंतर बसली. टायर तापवणारी पांघरुणे त्या क्षणी बंद असल्याने टायर निवले होते, ही सबब ग्राह्य धरून त्याचा विजय कायम ठेवण्यात आला. त्याआधी २०१३ च्या सिल्व्हरस्टोन शर्यतीत एकामागून एक डावे मागचे टायर फाटले. कारणे अनेक होती, उलट बसविलेले टायर आणि ट्रॅकच्या उंच कडाही त्यांत होत्या, परंतु अपुरा दाब हे पिरेलीने सांगितलेल्या कारणांत होतेच. सिल्व्हरस्टोनही घड्याळाच्या दिशेने धावते.

नायट्रोजनविषयी दोन शब्द. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, आणि उष्णतेने दोघेही जवळजवळ सारखेच वाढतात. नायट्रोजनचा खरा गुण त्याच्या कोरडेपणात आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी वाफ होऊन टायरात गेले तर दाबाची वाढ अनियमित होते आणि वहीतले आकडे दगा देतात. वैशाखात वऱ्हाडची हवा कोरडी असल्याने हा प्रश्न फारसा जाणवत नाही. पावसाळ्यात मात्र दुकानदारास टाकीतील पाणी आधी सोडावयास सांगावे, तेवढ्याने नायट्रोजनचा बहुतेक लाभ फुकटात पदरात पडतो.

आणि आता त्या परतीच्या प्रवासाची गोष्ट. दिवसभर गरम टायरांतून थोडी थोडी काढलेली हवा, सायंकाळी टायर निवल्यावर, गेजवर बावीस-तेवीस दाखविते. त्याच टायरांवर सामान लादून, थकलेल्या अंगाने, रात्रीचा हजार किलोमीटरांचा रस्ता धरणे म्हणजे दिवसभर ट्रॅकवर टाळलेला धोका महामार्गावर ओढवून घेणे होय. म्हणून ट्रॅकचे फाटक ओलांडण्यापूर्वी टायर निवू द्यावेत, दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेला दाब चारही चाकांत व स्टेपनीतही भरून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी, तो पुन्हा एकदा तपासावा.